आईच्या मांडीवरची बरणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आईला सांगायची वेळ आली नाही — तिला ते माझ्याआधी कळलं होतं, पण ते पुढे येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. हे पहिलं वाक्यच मी चार वेळा खोडलं आहे, आणि मी खाडाखोड करणारा माणूस नाही.

मी कोण ते आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं नीट तोलता येणार नाही. बावीस वर्षं मी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसानं भरलेली गाडी काट्यावर यायची, तोलायची. रिकामी होऊन परत यायची, पुन्हा तोलायची. मधला फरक तो कापूस. एवढंच काम. पण ह्या एवढ्याशा कामात कोण काय काय करतं ते आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. माझ्याबद्दल मात्र — फुशारकी म्हणून नाही, नोंद म्हणून सांगतो — बावीस वर्षांत एकानंही म्हटलं नाही की हा काटा मारतो. लोक दुसऱ्या काट्याची रांग सोडून माझ्याकडे गाडी लावायचे. घरातही मी असाच. माझी बायको मंगला म्हणते, ह्यांना झोपेतून उठवून विचारा, गॅसचं सिलेंडर कोणत्या तारखेला लावलं ते सांगतील.

असा माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं का? होतं.

जिनिंग बंद पडलं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. त्यानंतर मी लोणच्याचा धंदा केला आणि तो घालवला. गंमत अशी, की त्या घालवण्यामुळेच मला मान मिळाला. वर्षातून तीन-चार वेळा बचत गटांच्या प्रशिक्षणात बोलावणं येतं — कधी वर्ध्याला, कधी पुलगावला, कधी समुद्रपूरला. विषय ठरलेला: छोटे व्यावसायिक मार्केटिंगमध्ये कुठे चुकतात. यशाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या चुका, त्याही आकड्यांसकट सांगणारा मी एकटा. पाच चुका सांगतो. बायका हसतात, वहीत उतरवून घेतात.

पहिली चूक फ्लेक्सची. आमच्या सावंगीच्या फाट्यावर मी दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स लावला. त्यात माझा चेहरा तीन फूट, लोणच्याची बाटली मुठीएवढी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून पुतण्या-भाच्यांचे चौदा फोटो. फोन नंबर नेमका विजेच्या खांबामागे गेला. आठवडाभरात एक ओळखीचा शेतकरी गाडी थांबवून म्हणाला, "भाऊ, कोण्या वॉर्डातून उभे राहून राह्यले?" इथे सभागृह हसतं. मग व्हॉट्सअॅपचं सांगतो. सहाशे चाळीस जणांना रोज सकाळी उगवता सूर्य आणि शेजारी लोणचं. महिन्याभरात दोनशे अकरा जणांकडे एकच खूण उमटायला लागली, म्हणजे त्यांनी मला ब्लॉक केलं होतं. मी एकेक मोजली. एकदा तर एका ग्रुपवर कुणाच्या तेराव्याची सूचना होती, त्याच्या खालोखाल माझी 'एकावर एक मोफत' गेली. ती मोफतची योजना ही पण चूकच होती. चव चांगली म्हणून नव्हे, दुसरी बाटली मिळते म्हणून लोक येऊ लागले, आणि योजना संपली तसे तेही संपले. चौथी चूक झाकणाची — गळणारी झाकणं घेतली, दिवाळीच्या भेटीत दिलेल्या बाटल्यांनी लोकांच्या नव्या साड्या पिवळ्या केल्या.

ह्या चारही चुका खऱ्या आहेत. आकडेही खरे आहेत.

पाचवी सांगताना मी आवाज खाली आणतो. म्हणतो, ताईंनो, एका माणसाच्या हातावर धंदा उभा करू नका. माझ्याकडे एक बाई होती, लोणचं तीच घालायची. घरच्यासारखी ठेवली. एक दिवस गिऱ्हाइकांची नावं लिहिलेली वही घेऊन निघून गेली, आणि चार घरांपलीकडे स्वतःचा धंदा सुरू केला. विश्वासघात हा तोट्यापेक्षा जास्त लागतो, असं मी म्हणतो. सभागृहात 'च्च' असा आवाज उठतो. तो आवाज मला बरा वाटायचा. खोटं कशाला बोलू — फार बरा वाटायचा.

ती पाचवी चूक खोटी आहे. खरी पाचवी मी कधी सांगितली नाही.

तिचं नाव सुजाता. आमच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा रंगकाम करायचा, ती घर सांभाळून शिवणकाम करायची. मंगला आणि ती एकाच बचत गटात होत्या, सुजाता गटाची सचिव. गटाच्या प्रदर्शनात तिनं कैरीच्या लोणच्याच्या चाळीस बाटल्या ठेवल्या आणि दीड तासात संपल्या. मी टेबलामागे उभा राहून वेळ पाहत होतो, म्हणून दीड तास हे पक्कं. तिची पद्धत वेगळी होती. कैरीच्या फोडी हळद-मीठ लावून ती धुतलेल्या सुती लुगड्यावर सावलीत पसरायची, उन्हात नाही. मोहरी नाचणगावहून, भावाच्या शेतातली आणायची. मेथी तेलात तळण्याआधी हातावर चोळून वास घ्यायची, आणि वास पटला नाही तर ती अख्खी मेथी बाजूला ठेवायची. हे मी सगळं पाहिलं आहे. मला मापानं काम करणारी माणसं आवडतात; ती मापानं काम करत नव्हती, तरी तिचं माप चुकत नव्हतं.

मीच तिला म्हटलं — तुम्ही घाला, बाटल्या, वजन, विक्री माझ्याकडे. अर्धं-अर्धं. ती म्हणाली, "भाऊ, माह्याकडून काही कमी नाई पडणार. तुमचं तुम्ही पाहा." पहिली दोन वर्षं लेबल म्हणजे पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर काळ्या मार्करनं मंगलाच्या अक्षरात लिहिलेलं: सुजाताताईचं लोणचं. बस. सावंगीतल्या मोठ्या रुग्णालयाच्या नर्सा, वसतिगृहातली मुलं, मुलांना भेटायला लांबून आलेल्या त्यांच्या आया — सगळे तेच नाव घेऊन दारात यायचे. गिऱ्हाइकांची वही मी ठेवली होती, माझ्या अक्षरात. एकशे श्याऐंशी नावं. महिन्याला दोनशेच्या वर बाटल्या जायच्या, एकही फ्लेक्स न लावता. मार्केटिंग ते होतं. ते मला तेव्हा दिसलं नाही.

आता मी ज्याभोवती फिरतो आहे तिथे यायला हवं.

जामच्या चौफुलीवर एक मोठं हॉटेल आहे. नागपूरहून खाली जाणाऱ्या गाड्या तिथे जेवायला थांबतात. त्या मालकाला मी बाटली नेऊन दिली. त्यानं बोटावर घेऊन चाखलं, पुन्हा थोडं घेतलं, मग म्हणाला, काउंटरवर साठ बाटल्या ठेवू. मी उठत होतो, तेवढ्यात त्यानं सहज विचारलं, "कोण बनवते हो हे, तुमच्या इथं?"

सुजाता बौद्ध आहे. आमचं घर जुन्या शेतीवाल्यांचं, हिंदू. हॉटेलमालकाच्या मागे भिंतीवर देवांचे फोटो होते, त्यांच्यापुढे ताजी फुलं होती. मी ती फुलं पाहिली आणि म्हणालो, "घरीच बनते. आई घालते."

किती शब्द झाले? चार.

त्यानं जात विचारली नव्हती. आडनाव विचारलं नव्हतं. मी सुजाताच्या घरी जेवलो होतो, तिच्या मुलीच्या लग्नात पहिल्या पंगतीला वाढायला उभा होतो. मी स्वतः असलं काही मानत नाही, असं माझं माझ्याबद्दल मत होतं. मला वाटलं, गिऱ्हाईक मानत असेल. लोणचं म्हणजे ओला पदार्थ, त्यात कुणाचा हात — लोक काय म्हणतील? नीट पाहा, कसं होतं ते. आकड्याशिवाय न बोलणारा मी. गळकी झाकणं मोजली, व्हॉट्सअॅपच्या खुणा मोजल्या. पण 'लोक मानतात' ह्याला माझ्याजवळ काय आकडा होता? वहीतल्या एकशे श्याऐंशी जणांपैकी एकाला तरी मी विचारलं होतं का? ते सगळे तिचं नाव घेऊनच दारात येत होते. उत्तर रोज दारात येऊन उभं राहत होतं.

तिथून पुढचं आपोआप घडलं असं म्हणता आलं असतं. पण तसं घडलं नाही. पुढचं मी एकेक करून केलं.

वर्ध्याला लेबल छापायला गेलो. छापखानेवाल्यानं बनवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पत्ता विचारला, आडनावासकट. मी माझं दिलं. तो म्हणाला, एखादा चेहरा टाका, लोकांना चेहरा लागतो. मी म्हटलं, आईचा टाकतो. दोन हजार लेबलं. वर 'आईच्या हातचं', मधे आईचा फोटो, खाली घटक — कैरी, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, मीठ, तिखट, तेल. निव्वळ वजन पाचशे ग्रॅम. आत मी पाचशे दहा भरायचो, कमी पडू नये म्हणून.

फोटोसाठी फोटोवाला घरी आला. आईला खुर्चीत बसवलं, डोक्यावर पदर दिला, मांडीवर चिनी मातीची बरणी ठेवली. बरणी सुजाताची होती, झाकणाच्या कडेला कपचा उडालेली. आमच्याकडे तेवढी मोठी बरणीच नव्हती, कारण आमच्याकडे लोणचं कधी बनलंच नव्हतं. आईला लोणचं जमायचं नाही. एक तर खारट व्हायचं, नाहीतर त्याला बुरा यायचा. लेबलं छापून आली तेव्हा आईनं एक डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि हसत सुटली.

"माह्या हातचं? माह्या हातचं लोणचं तुह्या बापानं बी नाई खाल्लं, अन् तू लोकायले खाऊ घालून राह्यला?"

मीही हसलो. मग तिनं विचारलं, "सुजातीचं नाव काऊन नाई टाकलं?"

मी म्हटलं, "आई, मार्केटिंग असते ते. तुले नाई समजत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला समजलं होतं. तिनं लेबल घडी न घालता परत माझ्या हातात दिलं.

सुजाताला मी आधी दाखवलं नाही. ती मे महिन्यात आमच्या अंगणात फोडी पसरत होती, तेव्हा मंगलानं बाटल्यांचं खोकं उघडलं. सुजाता हात पुसून आली. दहावी झालेली बाई — तिनं लेबल सावकाश, वरपासून खालपर्यंत, मोठ्यानं वाचलं. आईच्या हातचं. कैरी. मोहरीची डाळ. मेथी. एकेक घटक. माझं नाव, माझा पत्ता. निव्वळ वजन पाचशे ग्रॅम. मी म्हणालो, छापखान्यानं घोळ घातला, पुढच्या वेळी दुरुस्त करू. छापखान्यानं! मी त्या माणसाच्याही माथी मारलं.

तिनं बाटली हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "वजन बरोबर हाय भाऊ."

एवढंच. मग ती फोडींकडे परत गेली. कापलेल्या कैऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून तीन दिवस आणखी आली, होत्या तेवढ्या बरण्या भरल्या, फडक्यांनी तोंडं बांधली. मंगलाला सांगितलं, कोणती कधी हलवायची. चौथ्या दिवशी आली नाही. आपली ती मोठी बरणीसुद्धा न्यायला आली नाही.

आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तिनं मला दगा दिला. खरोखर वाटलं, नाटक नव्हतं. एवढी मेहनत मी केली, हिला दारोदारच्या शिवणकामातून मी बाहेर काढलं, आणि ऐन हंगामात ही मला सोडून गेली. मी रागानं जेवायचो नाही. मंगलाला म्हणायचो, ह्या बाईनं आपला केसानं गळा कापला. त्या रागात काही खोट नव्हती, हीच तर त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ज्याचा घात करावा त्याच्यावरच आपण इतक्या प्रामाणिकपणे कसे चिडू शकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

नव्या लेबलाची बाटली पाहून पहिली परत फिरली ती एक नर्स. म्हणाली, "आम्हाले सुजाताताईचं पायजे." मी म्हटलं, तेच आहे हे. तिनं आईचा फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "मग नाव काऊन बदललं?" मी म्हटलं, आता कंपनी झाली. ती "बरं" म्हणाली आणि गेली. दोनशेच्या एकशे चाळीस झाल्या, मग नव्वद, मग एकतीस. मग मी फ्लेक्स लावला, मग व्हॉट्सअॅप, मग मोफत. ज्या चार चुकांवर बायका हसतात त्या सगळ्या ह्यानंतरच्या आहेत. ही झाली नसती तर त्यांतली एकही करावी लागली नसती. वर मी तिला खरी पाचवी म्हटलं. ती पहिली आहे.

मागच्या गल्लीत सुजातानं पुन्हा लोणचं सुरू केलं. पांढरी चिकटपट्टी, काळा मार्कर, आता अक्षर तिचं स्वतःचं. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. लोक विचारत-विचारत तिच्या दारी गेले. पण ज्यानं त्यानं मला विचारलं, की तुमची गिऱ्हाइकं तिकडे कशी गेली? तेव्हा मी म्हणालो, वही घेऊन गेली ती.

वही माझ्या कपाटात होती. आजही आहे. खालच्या कप्प्यात, उरलेल्या लेबलांच्या गठ्ठ्याखाली. तेराशे चाळीस लेबलं आणि त्यांच्या खाली वही.

हे बोलणं गटात पोचलं. गटातल्या बायकांनी पुढच्या बैठकीत तिला विचारलं. मंगला तिथे होती. तिनं घरी येऊन सांगितलं. सुजातानं गटाचं रजिस्टर आणि शिक्का सतरंजीवर ठेवला आणि ती उठली. सचिव दुसरी निवडली. ज्या बाईच्या हिशेबात सहा वर्षांत कधी खोट निघाली नव्हती, तिला चोर ठरवायला माझं एक वाक्य पुरलं — कारण ते वजनकाट्यावरच्या माणसाचं वाक्य होतं. मंगला हे सांगत होती तेव्हा वही तिच्यापासून दीड हातावर होती. मी बोललो का? नाही बोललो.

दोनेक वर्षांनी मंगलाला कपाट आवरताना ती वही सापडली. मला कसं कळलं? लेबलांचा गठ्ठा उलटा ठेवलेला होता. तिनं मला काही विचारलं नाही. पण तेव्हापासून आमच्या ताटात कैरीचं लोणचं यायला लागलं. ते कुठून येतं हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. पहिला घास घेतला आणि कळलं. रोज जेवताना ते माझ्या ताटात असतं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नाही.

त्याच सुमारास जामला गाडीची वाट पाहत उभा होतो. हॉटेलवाल्यानं हाक मारून चहाला बसवलं. म्हणाला, "भाऊ, तुमच्या साठ बाटल्या ठेवल्या एकदा, पण ते सावंगीच्या बाईचं लोणचं तुम्ही आणलंच नाई मंग." मी विचारलं, कोणत्या बाईचं? तो म्हणाला, "अहो, माही भाची तिथं नर्सिंगले होती. तिनं आणून दिलतं. तुम्ही आले तेव्हा तीच चव लागली, म्हणून तर इचारलं कोण बनवते म्हणून. त्या बाईचं नाव काउंटरवर लिहून ठेवतो म्हटलं, गिऱ्हाईक नाव इचारते न. तुम्ही म्हणाले माय घालते. म्हटलं, मंग हे येगळं असंन."

त्याच्या मागे तेच देवांचे फोटो होते. त्यांच्यापुढे फुलं होती. मी चहा पूर्ण प्यायलो. आणि त्यानंतरही — हे नोंदवून ठेवा — त्यानंतरही मी पुढच्या प्रशिक्षणात पाचवी चूक तशीच सांगितली.

शेवटचं भाषण गेल्या हिवाळ्यात झालं, वर्ध्याला. शंभराच्या आसपास बायका. फ्लेक्सवर हसल्या, झाकणांवर हसल्या. पाचवीला मी आवाज खाली आणला, 'च्च' झालं. तेव्हा मागच्या रांगेतली एक तरणी बाई उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्या बाईचं नाव सांगा न. आमच्या गटात आली तं आम्ही फसून जाऊ." मी हात जोडले. म्हणालो, नाव नको, ताई. तिनं केलं ते तिच्यापाशी, आपण कशाला कुणाची बदनामी करायची?

टाळ्या पडल्या. चांगल्या मोठ्या पडल्या.

टाळ्या पडत असताना मला तिसऱ्या रांगेत सुजाता दिसली. कोण्या नव्या गटाबरोबर आली असेल. पिवळसर साडी, डोळ्यांना चष्मा, मांडीवर वही उघडी. ती टाळ्या वाजवत नव्हती, उठूनही जात नव्हती. पेन हातात धरून माझ्याकडे पाहत होती — त्या दिवशी लेबल वाचताना पाहिलं होतं तसंच, शांतपणे, वरपासून खालपर्यंत. तिचं नाव मी एकदा बाटलीवरून गाळलं होतं. आता तिच्यासमोर दुसऱ्यांदा गाळलं, आणि ह्या वेळी त्याबद्दल मला टाळ्या मिळाल्या.

चहाच्या वेळी मी कोपऱ्यात उभा होतो. ती कप घेऊन माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलेल. बोलायला पाहिजे होतं. तिनं मंगलाची विचारपूस केली, आईबद्दल ऐकलं म्हणाली. मग म्हणाली, "भाऊ, नाव सांगून द्यायचं होतं. काई बिघडलं नसतं. माह्या नावावरच तं चालते माह्यं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती दुकानातलं काही सांगावं तसं सांगत होती. कप ठेवला आणि आपल्या बायकांत जाऊन बसली. मी दुपारच्या सत्राला थांबलो नाही. त्यानंतर आलेल्या दोन्ही बोलावण्यांना तब्येतीचं कारण सांगितलं, तेही खोटंच.

आई जाऊन आता तीन वर्षं झाली. तिचा दुसरा चांगला फोटो आमच्याकडे नव्हता, म्हणून लेबलासाठी काढलेलाच मोठा करून बैठकीत लावला आहे. हार मी घालतो. डोक्यावर पदर, मांडीवर बरणी. पाहुणे आले की फोटोपाशी थांबतात. कुणी म्हणतं, काय हात होता माउलीचा. कुणी म्हणतं, तुमच्या आईच्या लोणच्याची चव अजून तोंडात आहे. मी मान हलवतो. आत मंगला भांडी लावत असते, त्यांचा आवाज क्षणभर थांबतो.

सुजातानं वही नेली नव्हती. छापखान्यानं घोळ घातला नव्हता. हॉटेलवाल्यानं जात विचारली नव्हती. माझ्या आईनं आयुष्यात खाण्याजोगं लोणचं घातलं नाही. आणि फोटोत तिच्या मांडीवर आहे ती झाकणाला कपचा उडालेली बरणी सुजाताची आहे.